पाच फुटांवरचं बटन

आमच्या नव्या घरात विजेची सगळी बटनं जमिनीपासून पाच फुटांवर होती. मी जमिनीवर बसून, हातांवर सरकत घरभर फिरणारी मुलगी. खांदा दुखेपर्यंत हात ताणला तरी माझी बोटं बटनाच्या वीतभर खाली राहत. एवढीच गोष्ट आहे, आणि ती आठवली की आजही माझं डोकं तापतं.

मी दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. बाहेर जायचं तर कॅलिपर आणि कुबड्या. ते लोखंड आणि चामड्याचे पट्टे चढवायला कोणीतरी मदतीला लागायचं, आणि चढवले की मांड्या सोलून निघायच्या. म्हणून घरात मी कधीच कॅलिपर घालत नसे. घरात माझे हातच माझे पाय होते, आणि ते चांगले मजबूत होते.

नव्या घराआधी आम्ही महाल नावाच्या जुन्या वस्तीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आई घरी, मी, आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान बहीण. त्या खोल्यांत उजेड कमी, ओल फार, आणि नळ साऱ्या बिऱ्हाडांत मिळून एक. पण तिथल्या दिव्याचं बटन वायरीला लोंबत माझ्या खाटेपर्यंत आलेलं होतं. लहानशा पेरूएवढं लाकडी बटन, मधे पितळेची कळ. संध्याकाळ झाली की दिवा लावायचं काम माझं. मी कळ दाबायची, आई हातातलं काम टाकून हात जोडायची, मग आम्ही सगळे जोडायचो. मी तिथंच बसून मॅट्रिक झाले, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाले, आणि गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागले. कधी वाचायचं आणि कधी निजायचं हे माझं मी ठरवत असे. ही केवढी मोठी गोष्ट होती हे मला ती गेल्यावर कळलं.

आणीबाणी उठून गेली त्या सुमारास बाबांनी मानेवाडा रोडच्या बाजूला नव्यानं पडलेल्या एका ले-आउटात प्लॉट घेतला. तेव्हा तिकडे सगळी काळी माती. पावसाळ्यात सायकली खांद्यावर घ्याव्या लागत. बाबांनी घराचा नकाशा आणला आणि आम्हा तिघींना समोर बसवून दाखवला. समोरची बैठक, स्वयंपाकघर, एक खोली आईबाबांची आणि मागची खोली आम्हा बहिणींची. धाकटीचं लग्न झाल्यावर ती माझ्या एकटीची. मी विचारलं, बटनं कुठं येतील? बाबा हसले. म्हणाले, घराले अजून भिंती नाही अन् ही बटनं विचारून राहिली. पण मी हट्ट सोडला नाही. शेवटी ते म्हणाले की तुझ्या खोलीतली तुझ्या सोयीनं लावून देऊ, त्यात काय एवढं.

भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, तेव्हा त्यांनी मला सायकलरिक्षात बसवून घर दाखवायला नेलं. मी रेतीच्या ढिगावरून सरकत आत गेले. वायरमन आपला माणूस घेऊन भिंतीत पाइप घालायला खाचा पाडत होता. पन्नाशीला टेकलेला, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, कानावर पेन्सिल. बाबांनी त्याला माझ्यापुढे सांगितलं, या खोलीतलं बटन हिच्या हातापुरतं कर. त्यानं मला भिंतीशी बसायला सांगितलं. मी हात सैल सोडून जिथं आपसूक जातो तिथं ठेवला. त्यानं विटेच्या तुकड्यानं तिथं आडवी रेघ ओढली. घरी येताना मी रिक्षात गाणं म्हणत होते. बाबा म्हणाले, हळू म्हण, लोक पाहतात. तरी मी म्हटलंच.

वास्तुशांतीच्या दिवशी मी पुन्हा त्या घरात पाय ठेवला. पाय म्हणजे हात. भिंतींना फिकट पिवळा डिस्टेंपर दिलेला, खाली फरशी इतकी गुळगुळीत की सरकायला त्रास म्हणून नाही. मी थेट मागच्या खोलीत गेले. माझी रेघ होती तिथं सपाट भिंत होती. बटनं वर होती, दाराच्या कडीच्याही वर, इतर सगळ्या खोल्यांत होती तशीच.

बाबांना विचारलं तेव्हा ते भटजींच्या दक्षिणेत गुंतले होते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ओव्हरसिअरनं सांगतलं, नियम आहे. नव्या घरात पाच फुटांच्या खाली बटन पास होत नाही. लहान पोरं हात लावते, शॉक बसते."

मी ते खरं मानलं. बाबा नियमाचे माणूस होते. सायकलला दिवा नसला तर अंधारात चालत घरी येणारे. नियम आहे म्हटल्यावर मी गप्प बसले, आणि माझा सगळा राग त्या न दिसणाऱ्या नियमावर निघू लागला. कोणीतरी कुठल्यातरी कचेरीत बसून उभ्या माणसाच्या खांद्याला पट्टी लावली होती, आणि जो उभाच राहत नाही त्याचा त्याला विसर पडला होता.

आता दिवा पाहिजे तर हाक मारायची. पंखा पाहिजे तर हाक मारायची. मे महिन्यात दुपारी आई शेजारी पापड लाटायला गेली की मी त्या भट्टीसारख्या खोलीत डोक्यावरच्या बंद पंख्याकडे पाहत बसे. नवा पंखा, तीन पात्यांचा, बाबांनी हौसेनं घेतलेला. पाणी मागताना माणसाला काही वाटत नाही, तहान सगळ्यांना लागते. पण दिवसातून दहादा उजेड मागायचा, वारा मागायचा, आणि मग तो बंद करा म्हणूनही मागायचं, याची फार लाज वाटते. धाकटी सुरुवातीला धावत यायची. मग चालत यायची. मग तिच्या चपलेच्या आवाजावरून मला कळायचं की ती वैतागली आहे. तिची चूक नव्हती. ती माझी बहीण होती, बटन नव्हती.

बाबांनी त्यावर तोड काढली. वेताची एक काठी आणली आणि तिच्या टोकाला खाच पाडून दिली. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला. त्या काळची बटनं काळी, गोल, मधे बोंड असलेली. बोंड खाली ओढलं की दिवा लागतो, वर ढकललं की विझतो. मी जमिनीवरून काठी वर नेली की ती बोंडाला खालून लागायची. म्हणजे मला दिवा विझवता यायचा, लावता यायचा नाही. लावायचा तर खाच बोंडावर बरोबर बसवून खाली ओढायचं, आणि बोंड गुळगुळीत, खाच निसटायची. पाच-सात वेळा निसटली की हात भरून यायचे आणि भिंतीवर ओरखडे पडायचे. बाबा संध्याकाळी ते ओरखडे पाहायचे आणि म्हणायचे, नवी भिंत आहे, जरा जपून.

एकदा मी विचारलं, ओव्हरसिअरला मी अर्ज लिहू का? इंग्रजीत लिहिते, माझ्या पायांबद्दल सगळं लिहिते, सूट द्या म्हणते. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. म्हणाले, सरकारी कामात असं सूट-बीट नसते. आई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

शिकवण्या या घरातही सुरू झाल्या, पण उजेड असेपर्यंतच. थंडीत पाच वाजता पोरं अक्षरं दिसत नाहीत म्हणायची. मग त्यांच्यातलं सगळ्यात उंच पोर स्टुलावर चढून दिवा लावायचं आणि बाकीची टाळ्या पिटायची. मी त्यांची बाई. मला त्या टाळ्या गालावर बसल्यासारख्या वाटत.

दुसऱ्या वर्षी धाकटीला स्थळं यायला लागली. कार्तिकात वर्ध्याचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरी थोडी शेती. दुपारी चार वाजता मंडळी पोचणार होती. आईनं सकाळपासून घर पुसून काढलं. जेवणं झाल्यावर बाबांनी मला सांगितलं की पाहुणे जाईपर्यंत मी मागच्या खोलीत असावं. ते रागावून बोलले नाहीत, उलट मायेनंच बोलले. "एवढ्या वेळ जरा निभावून घे. पहिल्याच भेटीत सगळं सांगाचं नसते."

मी हो म्हटलं. धाकटीचं लग्न व्हावं हे मलाही वाटत होतं. माझ्या कुबड्या, कॅलिपर आणि ती काठीसुद्धा त्यांनी उचलून न्हाणीत नेऊन ठेवली, कारण ती दारामागून दिसत होती. मला पुस्तक दिलं, पाण्याचा तांब्या दिला, दार ओढून घेतलं. दिवा कोणी लावला नाही. दुपार होती, कोणाच्या लक्षात येणार?

पाहुण्यांची गाडी उशिरा आली. ते आले तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता. पोह्यांचा वास आला, बशांचे आवाज आले. मी पुस्तक खिडकीकडे धरून चार पानं वाचली आणि मग अक्षरं एकमेकांत शिरली. थोड्याच वेळात खोलीत काही दिसेनासं झालं. बैठकीतल्या दिव्याची एक बारीक रेघ तेवढी दाराखालून आत येत होती. हाक मारायची सोय नव्हती. डास पायांना चावत होते. ते मला जाणवतात, पाय हलत नाहीत एवढंच. मी हातानं डास हाकत अंधारात बसले होते आणि बाहेर बाबा घर दाखवत होते.

त्यांना ते घर दाखवायला फार आवडायचं. हे स्वयंपाकघर, ओटा कडप्प्याचा आहे. ही आमची खोली. वायरिंग सगळं भिंतीतून घेतलं, बाहेर कुठं पट्टी दिसणार नाही. पावलं माझ्या दाराशी आली. कोणीतरी पुरुषी आवाजात विचारलं, अन् ही?

बाबा म्हणाले, "ही सामानाची खोली. अडगळ आहे सगळी."

पावलं पुढे गेली.

मला तेव्हा रडू आलं नाही. मी साडी आवरली, दार उघडलं आणि सरकत बैठकीत गेले. उजेडानं डोळे दिपले. खुर्च्यांवर बसलेल्या माणसांच्या मधे जमिनीवरून जाताना आधी सगळ्यांचे पायच दिसतात. मुलाची आई पाटल्या घातलेली, जाडशी बाई होती. तिनं आपला पदर माझ्या वाटेतून उचलून घेतला. धाकटी मान खाली घालून बसली होती, ती एकदम वर पाहू लागली. आईच्या हातात चहाचा ट्रे तसाच राहिला.

बाबा घाईनं म्हणाले, "ही मोठी मुलगी. पायाले लागलं आहे तिच्या, परवाच पडली."

मी मुलाच्या आईकडे पाहून सांगितलं, "परवा नाही लागलं. मी दोन वर्षांची होती तेव्हापासून पाय असेच आहेत. सामानाच्या खोलीत मीच होती. तिथं अंधार झाला, अन् बटन माझ्या हाताले पुरत नाही, म्हणून बाहेर आली."

मुलाच्या वडलांनी खाकरून घसा साफ केला. मुलाच्या आईनं विचारलं, शिक्षण किती झालं. मी सांगितलं. बरं, म्हणाली, आणि चहाची बशी तोंडाला लावली. मग बोलणं गाड्या उशिरा चालतात यावर गेलं. मी तिथंच, भिंतीला टेकून, ती मंडळी उठेपर्यंत बसून राहिले.

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. बाबा म्हणाले की मी बहिणीचं वाटोळं केलं. आई त्यांना गप्प करत होती आणि मलाही. धाकटी माझ्याजवळ येऊन निजली, पण पाठ करून. मी तिला काही समजावायला गेले नाही. मला पश्चात्ताप होत नव्हता आणि आजही होत नाही.

आठ-दहा दिवसांनी वर्ध्याहून होकार आला. मुलीचा रंग पसंत, स्वभाव पसंत. माझा उल्लेख नाही, पायांचा नाही, त्या संध्याकाळचा नाही. पुढे लग्न झाल्यावर धाकटीनं सांगितलं की परतताना गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, घर चांगलं आहे पण स्वयंपाकघर लहान आहे. मी ते ऐकून हसले, आणि हसता हसता संतापले. ज्या भीतीपायी मला अडगळ केलं, ती भीती त्या लोकांच्या मनात आलीसुद्धा नव्हती.

धाकटी सासरी गेली आणि हाकेला येणारं माणूस कमी झालं. आई थकत चालली होती, तिचे गुडघे धरायचे. तेव्हा मी ठरवलं की नियम गेला खड्ड्यात. ओव्हरसिअर आता घर मोजायला थोडाच येणार आहे. शिकवणीतल्या एका पोराच्या हातून मी वायरमनला निरोप पाठवला. बाबा कचेरीत गेल्यावर तो आला. तोच, कानावर पेन्सिलवाला. केस आता पिकले होते.

मी त्याला सांगितलं, भाऊ, हे वरचं बटन काढून खाली घ्यायचं आहे, माझ्या हातापुरतं. पाहा, जमेल का?

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मग बोटाच्या पेरानं भिंत वाजवत खाली येऊ लागला. एका जागी आवाज बदलला. तो म्हणाला, "फोडाची गरज नाही जास्त. इथं पेटी आहेच ना."

"कोणती पेटी?"

"तुमचीच. तुम्ही हात ठेवला होता तिथं. मी पाइप आणून पेटी बसवून ठेवली होती, ताई. नंतर साहेबांनी सांगतलं, बुजवून टाक अन् वर घे."

मी म्हटलं, ओव्हरसिअरनं सांगितलं असेल. पास होत नव्हतं ना.

तो गोंधळला. "ओव्हरसिअर तं तवा आलाच नव्हता. आपल्या घरात बटन कुठं लावाचं ते कोण पाहाले येते? साहेबच बोलले, चारचौघांत बरं दिसत नाही, लोक विचारते." एवढं बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की आपण नको ते बोललो. मग तो छिन्नी लावून बसला.

डिस्टेंपर पडला, प्लास्टर पडलं, आणि आत लाकडी पेटी निघाली. तिच्यात सिमेंटच्या पिशवीचा कागद कोंबलेला होता आणि वरून थापलेलं सिमेंट. अगदी माझ्या खांद्यासमोर. दोन वर्षं मी रोज त्या भिंतीला पाठ टेकून बसत होते. पेटी माझ्या पाठीमागे होती, आणि मी काठी घेऊन वरच्या बोंडाशी झगडत होते.

आई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर विचारायची गरज उरली नाही. तरी मी विचारलं. "तुले माहीत होतं?"

"माहीत होतं वं," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं त्याईले, पोरीचं मन मोडते. नाही ऐकलं."

"मग मले काहून नाही सांगतलं? मी अर्ज लिहितो म्हणत होती, तवा तू तिथंच बसली होती."

ती पदरानं फरशीवरचा चुरा गोळा करायला लागली. मी तिला म्हटलं, राहू दे, तो माझा कचरा आहे, मी काढीन. बाबांपेक्षाही मला त्या क्षणी तिचाच राग जास्त आला होता. बाबा सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. माझ्या हाका दिवसभर आईनं ऐकल्या होत्या. प्रत्येक हाकेला ती उठून यायची, बटन लावायची, आणि त्या भिंतीच्या शेजारून परत जायची.

वायरमननं बटनं खाली बसवली. वरच्या पेटीवर पत्रा मारून दिला. पिवळ्या भिंतीत खाली मोठा पांढरा चट्टा पडला. मी दिवा लावला, विझवला, पंखा लावला. मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही.

संध्याकाळी बाबा आले. मी त्यांना हातपाय धुऊ दिले, चहा घेऊ दिला, मग मागच्या खोलीत बोलावलं. ते दारात थांबले. चट्टा पाहिला. मी विचारलं, "नियम कुठं लिहिला आहे बाबा? मले दाखवा. मी वाचीन."

मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "घर पाहाले लोक येतात. खाली बटन दिसलं का विचारतात. मंग सगळी गोष्ट निघते. तुयं तं काही होणार नव्हतं. तिचं तरी व्हावं म्हटलं."

तुझं तर काही होणार नव्हतं. बी.ए. झाले ते काही नाही, पोरं शिकवत होते ते काही नाही. आणि मला दिवा लागतो, वारा लागतो, हेही त्यांच्या लेखी काहीच नव्हतं. घर बांधताना त्यांनी माझा विचार केला नाही असं नव्हतंच. विचार करून, पेटी बसवून, मग त्यांनी मला बुजवलं होतं. विसरले असते तर मी माफ केलं असतं.

मी त्यांना म्हटलं, "मले अडगळ म्हटलं ते मी एक वेळ विसरीन. पण तुम्ही माझ्याशी दोन वर्षं खोटं बोलले, अन् मी त्या खोट्याले नियम समजून मान देत बसली. हे नाही विसरणार."

ते वळून बैठकीत गेले. रेडिओ लावला. त्यानंतर त्या विषयावर आमचं कधीही बोलणं झालं नाही. चट्ट्याला रंग द्यायचं त्यांनी एकदा काढलं, मी नको म्हटलं. तो तसाच राहिला.

पुढे मला अपंगांच्या जागेवर सरकारी नोकरी लागली. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी तळमजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट घेतला. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी. बांधकाम चालू असतानाच मी रिक्षातून तिथं गेले, कॅलिपर चढवून, कुबड्यांवर. बिल्डरचा इंजिनीअर तरुण होता. मी सांगितलं की माझ्या घरात सगळी बटनं अडीच फुटांवर पाहिजेत. प्लग हवे तर वर ठेवा, लहान मुलं बोटं घालतात हे मलाही कळतं. पण बटनं खाली.

तो म्हणाला, "मॅडम, साडेचार-पाच फुटांचा नियम आहे."

मी कुबड्या भिंतीला लावल्या आणि वाळूच्या ढिगावर बसले. म्हटलं, आणा तो नियम. मी इथंच बसते. तो हसला, मला समजावू लागला, मग ऑफिसात गेला आणि बऱ्याच वेळानं हात हलवत परत आला. "असं लिहिलेलं सापडत नाही, पण सगळीकडे असंच असते ना. उद्या तुम्ही फ्लॅट विकाल तर घेणारा काय म्हणेल?" हा जो कोणी घेणारा होता, जो अजून जन्माला आला होता की नाही ठाऊक नाही, त्याचा हात कुठं पुरेल याची त्या माणसाला काळजी होती. मी समोर बसले होते. मी त्याच्याशी इतक्या मोठ्यानं भांडले की वरच्या मजल्यावरचे गवंडी खाली वाकून पाहायला लागले. बाई माणूस, त्यात अपंग, आणि एवढा आवाज. मला त्याची लाज वाटली नाही. बटनं अडीच फुटांवर लागली.

राहायला गेले तेव्हा आईबाबा आले. आई स्वयंपाकघरात दूध उतू घालायला थांबली होती. अंधारून आलं होतं. बाबा न्हाणीतून खोलीत आले आणि सवयीनं त्यांचा हात भिंतीवर वर गेला. तिथं काही नव्हतं. त्यांनी इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. मी समोरच दिवाणावर बसले होते. खाली आहे, एवढे दोन शब्द सांगायला मला काही कष्ट पडले नसते. मी सांगितले नाहीत. ते वयानं वाकले होते, दम लागत होता, आणि मी पाहत राहिले.

शेवटी त्यांचं त्यांनाच सापडलं. त्यांनी वाकून दिवा लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "खोली हवेशीर आहे."

मी म्हटलं, "बसा. आई दूध घेऊन येते."